अकरा वर्षांची सरळ रेघ

४ मार्च

हिने आज ही वही माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "अहो, काय कुरकुरायचं ते यात कुरकुरा. मला कान दोनच आहेत." उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन अठरा दिवस झाले. मी खिडकीशी खुर्चीत, पाय स्टुलावर. सकाळपासून तीनदा तिला सांगितलं, की सुरी अशी धरू नये. चौथ्यांदा सांगायच्या आत वही आली.

तर कुरकूर पहिली. माझं काम सध्या नवी करते आहे, म्हणजे आमच्याकडे प्रबंधाला आलेली पोरगी; मी तिला नवीच म्हणतो.

काम काय ते एकदा लिहून ठेवतो, नाहीतर उद्या कुणी वाचलं तर म्हणेल, हा बाबा चिखलात करत काय होता. शहराबाहेर आमची पाणथळ आहे. तिथल्या गाळात हवा पोचत नाही. त्यात जे जीवाणू राहतात ते कुजलेलं खातात आणि मिथेन सोडतात. हा मिथेन वर आला की हवा तापवतो. आमच्या सरांचा प्रश्न असा, की शहराचं सांडपाणी साफ करून जे नायट्रेटवालं पाणी उरतं ते या गाळावर सोडलं तर काय होईल? होतं असं, की दुसऱ्या जातीचे जीवाणू पुढे सरसावतात. हवा नसली तरी त्यांना श्वासाला नायट्रेट चालतं. मिथेनवाल्यांच्या तोंडचा घास ते पळवतात. काही पठ्ठे तर मिथेनच खातात. नायट्रेटचा साधा नायट्रोजन होऊन उडून जातो, पाणी साफ, हवाही बरी. एका दगडात दोन पक्षी.

हे सिद्ध करायला बारा चौकटी गाळात रोवल्या आहेत. सहांना साधं पाणी, सहांना नायट्रेटचं. आठवड्यातून दोनदा प्रत्येकीवर डबा उपडा घालायचा आणि दर दहा मिनिटांनी सिरिंजने आतली हवा ओढून कुपीत भरायची. चार वेळा. चार आकडे कागदावर मांडले की रेघ होते. रेघ जितकी चढी तितका मिथेन जास्त. माझ्या रेघा सुतासारख्या सरळ येतात. अकरा वर्षं. लांबून लोक येऊन बघून गेलेत आणि विचारून गेलेत, हा हात कुणाचा?

हात माझा. आणि आता त्या हातात वही.

७ मार्च

मशीनवाल्याचा फोन. कुपीतली हवा मशीनला लावून आकडा काढतो तो हा. बोलतो फार, पण मनाचा बरा. म्हणाला, "गुरू, तुम्ही गेलात आणि पाणथळीने उपास धरला. साध्या पाण्याच्या चौकटी एक तृतीयांश खाली."

"आणि नायट्रेटच्या?"

"त्या होत्या तिथेच."

म्हणजे सरळ आहे. पोरगी साध्या चौकटींशी घाई करते. डबा नीट बसत नसणार, कडेने हवा पळत असणार. आठ महिने माझ्या मागे हिंडली, पण शिकवलेलं या कानाने आत आणि त्या कानाने बाहेर. उंच आहे, हात लांब आहेत, हुशार तर आहेच, त्याशिवाय सर कुणाला संशोधनाला घेत नाहीत. पण चिखलाला हुशारी कळत नाही. तिथे बैठक लागते.

११ मार्च

नवी भेटायला आली. फळं घेऊन. मला वाटलं, आकड्यांची माफी मागायला आली असेल. पण तिने तो विषयच काढला नाही. तिला माझ्या गुडघ्याचीच चिंता.

"काका, तुम्ही नेहमी उजवाच गुडघा टेकायचात?"

मी म्हटलं, हो. गाळावर चालायला टाकलेली फळी चौकटीपासून दोन हात लांब, तिच्यावरून वाकलं तर माझी कंबर धरते. म्हणून डावा पाय फळीवर, उजवा गुडघा डब्याशेजारी गाळात. मग हात हलत नाही. हाच तर हातखंडा.

"प्रत्येक वेळी? म्हणजे चारही वेळा?"

"चारही वेळा. उठायचं, दहा मिनिटं थांबायचं, परत टेकायचं. उगीच का झिजला?"

"रुतायचा का?"

"चांगला चार बोटं!"

तिने ते चक्क लिहून घेतलं. म्हणाली, "बाप रे, काका." डोळ्यांत पाणी येतंय की काय असं झालं तिचं. मला भरून आलं, खरं सांगतो. आमच्या कामात कोण कुणाचे गुडघे विचारतं! जाताना वजन पण विचारलं. म्हटलं, चौऱ्याऐंशी, ऑपरेशनआधी सत्त्याऐंशी. डॉक्टरने कमी करायला सांगितलंय हे तिलाही माहीत असणार.

ती गेल्यावर ही म्हणाली, "ती तुमच्या गुडघ्याचं विचारत होती की चिखलाचं?"

मी म्हटलं, तुला माणसात चांगलं काही दिसतच नाही का?

१८ मार्च

परत तेच. साध्या चौकटी खाली. पाच आठवडे झाले. पाण्याच्या खात्याला सरांचा अहवाल एप्रिलअखेर जायचाय. त्यावरून ते ठरवणार, की शहराचं सगळं नायट्रेटचं पाणी पाणथळीत सोडायचं की नाही. अहवालाचा कणाच हा, की नायट्रेटने मिथेन निम्म्यावर येतो. पोरीचे आकडे धरले तर निम्मा कुठला, पाव हिस्सा कमी होतो म्हणायची वेळ.

सरांना फोन केला. स्पष्ट बोललो. "तिचे आकडे माझ्या आकड्यांत मिसळू नका. दुधात मिठाचा खडा पडेल."

सर म्हणाले, "मलाही तेच वाटतं. पण मग तिचं वर्ष जाईल हो. तिच्या प्रबंधाचा अर्धा भाग यावर आहे."

मी म्हटलं, गेलं तर गेलं. वर्षभर माझ्यासोबत बसेल, शिकेल. घाईने कुणाचं भलं झालंय?

फोन ठेवल्यावर फळांच्या टोपलीकडे लक्ष गेलं. अजून दोन उरली होती. ती खाल्ली नाहीत.

२ एप्रिल

काठी घेऊन कामावर. सर म्हणाले, "तुम्ही फक्त बसा आणि बघा." फळीच्या टोकाला खुर्ची टाकून दिली. लग्नात म्हाताऱ्या मामाला बसवतात तसा बसलो.

आणि काय बघितलं! ही पोरगी फळीवर पालथी झोपते. अक्षरशः पालथी, पोटावर, आणि हात लांब करून डब्याच्या बुचात सुई घालते. चिखलाला तिचा एवढासुद्धा स्पर्श नाही. मी म्हटलं, "हे काय सुसरीसारखं?" ती म्हणाली, "असं केलं की गाळ हलत नाही, काका." मी म्हटलं, "गाळ हलत नाही पण आकडा पडतो त्याचं काय?" तिने सिरिंज ओढून बाजूला ठेवली आणि घड्याळाकडे बघत पडून राहिली.

डबा मात्र घट्ट बसला होता. कडेने बोट फिरवून बघितलं मी. खोट काढायला जागा नव्हती. चिडचिड झाली.

९ एप्रिल

आज एक केलं ते सरांना सांगितलेलं नाही.

नवी गाडीतून कुप्यांचा खोका आणायला गेली. पाऊण तास लागणार होता. चौथी चौकट समोर होती. साध्या पाण्याची, माझी सगळ्यात लाडकी. तिच्यातून नेहमी सगळ्यात जास्त मिथेन. मी डबा घातला. गुडघा टेकायला डॉक्टरची सक्त मनाई, म्हणून फळीवर पाय लांब करून बसलो आणि तिरका होऊन कशीबशी सुई घातली. चारदा. कंबर मोडली. पण डबा मी बसवलेला, बूच मी दाबलेलं, हात माझा.

कुप्या मशीनवाल्याकडे दिल्या. त्यावर कुणाचं नाव लिहिलं नाही.

संध्याकाळी त्याने आकडा सांगितला. नवीच्या आकड्याला आकडा. तसूभरही जास्त नाही.

मशीन बिघडलंय. नक्की. फेब्रुवारीपासूनच बिघडलंय आणि आम्ही उगाच त्या पोरीला धरलं.

१२ एप्रिल

मशीनवाल्याने माझ्यासमोर माहितीतला वायू मशीनला लावला. ज्या नळकांड्यावर आकडा छापलेला असतो तो. जेवढा छापलेला तेवढाच आला. तीनदा. "गुरू, माझ्या बाईसाहेबांवर आळ घेऊ नका," म्हणाला. मशीनला तो बाईसाहेब म्हणतो. मी हसलो नाही.

मग पाणथळच आटली का? पण नायट्रेटच्या चौकटी आहेत तशाच. निम्मीच पाणथळ कशी आटेल? जेवताना हिने दोनदा विचारलं काय झालं. मी म्हटलं काही नाही. ती म्हणाली, "काही नाही म्हणताना तुमचा आवाज बदलतो."

१६ एप्रिल

काठी चिखलात गेली. आज एवढंच लिहितो.

१७ एप्रिल

काल नीट लिहिता आलं नाही. आज लिहितो.

फळीवरून परत येत होतो. चौथ्या चौकटीशी काठी सटकली आणि बाजूच्या गाळात रुतली. मी तोल सावरायला तिच्यावर भार दिला. आणि चौकटीतल्या पाण्यात बुडबुडे आले. भडाभड, वीसतीस. मी काठी उपसली. थांबले. परत दाबली. परत आले. लहान मुलासारखा दाबत राहिलो मी, नवी मागे उभी आहे हे विसरून.

बुडबुडे मी काय पहिल्यांदा पाहिले? साध्या पाण्याच्या गाळात मिथेन साठून राहतो, बोटाएवढ्या पोकळ्यांत, हे नवी आली तेव्हा मीच तिला दाखवलं होतं. वरून दाब आला की तो सुटतो. नायट्रेटच्या गाळात तो साठतच नाही, कारण तिथे मुळात फार होत नाही आणि झालेला खाल्ला जातो. तिथे काठी दाबली तर एक-दोनच बुडबुडे आले. हेही बघून आलो.

म्हणजे अकरा वर्षं मी दर दहा मिनिटांनी ऐंशी-पंच्याऐंशी किलो घेऊन डब्याशेजारी गुडघा दाबत होतो, आणि प्रत्येक वेळी गाळातला मिथेन पिळून डब्यात भरत होतो. चारही वेळा सारखाच दाब, म्हणून चारही वेळा सारखाच भर. म्हणून रेघ सरळ. एखाद्या वेळी चुकलो असतो, कंटाळा केला असता, कधी टेकला कधी नाही असं केलं असतं, तर रेघ वाकडी आली असती आणि सरांनी पहिल्याच वर्षी पकडलं असतं. पण मी कधी कंटाळा केला नाही.

फार वाईट वाटतंय. दुसरा शब्द नाही.

१८ एप्रिल

आज स्वतःशी वाद घातला. खरं ते लिहितो, वही काय कुणाला सांगत नाही.

एक मन म्हणतं, सात महिन्यांत निवृत्त. नायट्रेटने मिथेन कमी होतो हे काही खोटं नाही, निम्म्याऐवजी पाव हिस्सा, एवढंच. कुणाचा जीव जात नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण हिशोब तसा संपत नाही. नायट्रेटच्या चौकटींतून आणखी एक वायू येतो. नायट्रेटचा नायट्रोजन होता होता काही भाग अर्ध्या वाटेत निसटतो, दंतवैद्य हुंगवतात तो हसवणारा वायू. थोडाच येतो, पण हवा तापवायला मिथेनच्या कितीतरी पट भारी. आजवर आम्ही म्हणत आलो, मिथेन इतका वाचतो की हा एवढासा चालून जातो. मिथेन कमी वाचला की चालून जात नाही. मी कागदावर करून बघितलं. फायदा राहतच नाही. पाणी साफ होतं, ते खरं. पण हवेचं काही भलं होत नाही, थोडं वाईटच होतं. आणि त्या भरवशावर सगळी पाणथळ नायट्रेटने भरणार.

दुसरं मन काही म्हणत नाही. नुसतं बघत बसतं.

२० एप्रिल

सरांनी अहवालाचा मसुदा दिला, तक्ते तपासायला. अकरावं पान. खाली बारीक अक्षरात: "फेब्रुवारीनंतरची मोजमापे निरीक्षकाच्या अननुभवामुळे वगळली आहेत."

निरीक्षक म्हणजे नवी. हे वाक्य माझ्या फोनवरून आलंय.

तिला गाठलं. कुप्या धूत होती. मी म्हटलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

तिने नळ बंद केला. "मार्चपासून शंका होती. पाचव्या-सहाव्या दिवशीच."

"मग बोलली का नाहीस?"

"सरांना बोलले ना. ते म्हणाले, अकरा वर्षांचा हात चुकतो का? आठ महिन्यांचा चुकेल."

"आणि मला? मला विचारायचं नाही?"

तिने हात पुसले. आवाज अजिबात चढवला नाही. "विचारलं ना, काका. घरी येऊन विचारलं. कुठला गुडघा, किती वेळा, किती रुतायचा. तुम्ही इतक्या आनंदाने सांगत होतात, पाय स्टुलावर होता. पुढचं बोलवेना माझ्याच्याने."

मी तिथून निघालो ते थेट बसथांब्यावर. दोन बस सोडल्या.

घरी आल्यावर हिला सगळं सांगितलं. पहिल्यापासून. हिने ऐकून घेतलं आणि फक्त म्हणाली, "सरांना उद्याच सांगा. परवापर्यंत तुम्ही स्वतःची समजूत घालाल. मी ओळखते तुम्हाला."

२१ एप्रिल

सांगितलं.

सरांच्या खोलीत दोघंच होतो. बसूनच बोललो, गुडघ्यामुळे उभं राहवत नाही. बोलून झाल्यावर सर बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत राहिले. आम्ही बरोबरीनेच म्हातारे झालो. पहिल्या चौकटी रोवताना ते माझ्यासोबत कमरेपर्यंत चिखलात होते.

"हे कुणाला बोललात?"

"बायकोला. आणि नवीला आधीच माहीत होतं."

"अहवाल दहा दिवसांत जायचाय." मग आवाज मऊ करून म्हणाले, "असं करू या. आत्ता आहे तसा जाऊ दे. तुम्ही निवृत्त व्हा, व्यवस्थित समारंभ होऊ दे. मग मी सावकाश हे बघतो. तुमच्या नावाला धक्का लागणार नाही."

मला ते हवं होतं. लाज वाटते, पण हवं होतं. समारंभ, हार, दोन शब्द. मी हो म्हणायला तोंडसुद्धा उघडलं.

आणि म्हटलं, "सर, अकराव्या पानावर तिची चूक छापली जातेय. ती चूक तिची नाही."

"ते वाक्य काढून टाकतो."

"वाक्य काढलं तरी तिचे आकडे बाहेरच राहतात ना. खरे आकडे बाहेर आणि माझे आत. मी अकरा वर्षं तुम्हाला एक कुपी खोटी दिली नाही, सर. आता कळूनसवरून अकरा वर्षांच्या देऊ?"

माझा आवाज चढला होता. सरांवर मी कधी आवाज चढवला नव्हता. ते उठून खिडकीशी गेले. पाठमोरेच म्हणाले, "दोन मोठे लेख आहेत माझे त्यावर. लोक वर्गात शिकवतात."

"माहीत आहे, सर. मीच मोजलंय."

मग वळून त्यांनी विचारलं, "किती रुतायचा गुडघा?"

"चार बोटं."

ते खाली बसले आणि वही ओढली. "परत सांगा. पहिल्यापासून."

२६ एप्रिल

नवीची युक्ती अशी, की मी नेहमी सारखंच चुकलो असेन तर ती चूक मोजता येईल. मोजता आली तर जुन्या आकड्यांतून वजा करता येईल. फक्त मला टेकायला बंदी. म्हणून माझ्या गुडघ्याचं माप घेऊन लाकडाचा ठोकळा केला आणि त्यावर वाळूची पिशवी. एक पाय फळीवर असताना गुडघ्यावर वजन किती येतं ते आधी दवाखान्यातल्या काट्यावर काढलं. मशीनवाल्याने पिशवीवर खडूने "काका नंबर दोन" लिहिलं. नंबर दोन माझ्यापेक्षा बरा आहे, बोलत नाही म्हणाला.

नवीने लाजत विचारलं, "अकरा वर्षांपूर्वी वजन किती होतं, काका?" हिला फोन लावला. हिने दर वर्षीचं सांगितलं, खणखणीत, तोंडपाठ. माझ्या शर्टांच्या मापांवरून लक्षात आहे म्हणे. मला वाटायचं, हिचं माझ्याकडे लक्ष नसतं.

एक दिवस ठोकळा दाबून, एक दिवस न दाबता, बाराही चौकटी. मी खुर्चीत बसून घड्याळ सांगायचो. ठोकळा उचलून दाबायचा कसा, सावकाश की झटक्यात, हे मलाच माहीत, म्हणून प्रत्येक वेळी नवी माझ्याकडे बघायची. मी हाताने दाखवायचो. तशीच दाबायची, अगदी तशीच. मला पाठमोरं स्वतःला बघितल्यासारखं झालं.

३० एप्रिल

आकडे आले. साध्या चौकटींवर ठोकळ्याने मिथेन निम्म्याने वाढतो. नायट्रेटच्या चौकटींवर जवळजवळ काहीच नाही. माझे जुने आकडे आणि ठोकळ्याचे आकडे मशीनवाल्याने शेजारी शेजारी मांडले. एकावर एक बसले.

पहिली चार वर्षं गेली. तेव्हा आम्ही पाण्याची उंची लिहीत नव्हतो, आणि पाणी किती होतं ते माहीत नसेल तर गुडघा किती दाबला ते कळत नाही. पुढची सात दुरुस्त होतील. नवी म्हणाली, "काका, सात वर्षांची चूक दुरुस्त होते म्हणजे तुमचा हात किती सारखा असेल बघा." मी म्हटलं, गोड बोलू नकोस. ती म्हणाली, "गोड नाही, गणित आहे."

चार वर्षं. पहिल्या वर्षी माझे वडील गेले, तेव्हासुद्धा तेराव्या दिवशी मी चौकटीवर होतो. ते आकडेही गेले. सरांनी त्या वह्या कपाटात परत ठेवल्या. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. कुणी मागे आलं नाही, ते बरं केलं.

४ मे

अहवाल गेला, चार दिवस उशिरा. त्यात स्वच्छ लिहिलंय, की पाणी साफ होईल, पण हवेचा फायदा दाखवता येत नाही, म्हणून सगळी पाणथळ एकदम भरू नका. आधी एक कोपरा करून बघा. पाण्याच्या खात्याचा माणूस फोनवर सरांवर तापला. सरांनी ऐकून घेतलं. फोन ठेवून म्हणाले, "चला, चहा घेऊ."

नवीचे आकडे आत आहेत. तिचं वर्ष वाचलं.

१० जून

आता लेखांची दुरुस्ती. ज्या नियतकालिकात जुने लेख आले तिथेच पानभर खुलासा पाठवायचा. नवीने मसुदा केला. मुख्य वाक्य: "मोजमापाच्या वेळी निरीक्षकाच्या गुडघ्याचा दाब पडल्यामुळे साठलेला मिथेन डब्यात आला."

मी म्हटलं, हे चालणार नाही.

ती गोरीमोरी झाली. "जास्त कडक झालं का, काका? नुसतं 'दाबामुळे' लिहू?"

"अगं, निरीक्षक कोण? अकराव्या पानावर निरीक्षक तू होतीस, इथे मी. लांबचा वाचणारा काय समजणार? पहिलं नाव तुझं, त्याला वाटेल, या नव्या पोरीचाच गुडघा. माझा आहे, माझा म्हणून लिही."

"असं कुणाचं नाव वाक्यात घालत नाहीत."

"मग घालतात कसं?"

तिने सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "लेखक असेल तर घालता येतं. दुसऱ्या लेखकाने मोजलं, तिसऱ्या लेखकाने मोजलं, असं."

"मग काका, तुम्हाला लेखक व्हावं लागेल," नवी म्हणाली.

मला वाटलं, चेष्टा करताहेत. सरांनी कागद पुढे केला. "पूर्ण नाव लिहा. वडिलांच्या नावासकट. छापताना चुकायला नको."

अकरा वर्षांत सरांनी मला पूर्ण नाव विचारलेलं नव्हतं. पगाराच्या कागदावर असतं तेवढंच. मी लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं.

३ ऑगस्ट

छापून आलं. एकच पान. वर तीन नावं. पहिलं नवीचं, मग सरांचं, मग माझं.

घरी आणून हिला दाखवलं. हिने चष्मा लावला आणि तिसऱ्या नावावर बोट ठेवलं. वडिलांचं नाव मोठ्याने वाचलं, मग आडनाव. "आणि याआधीचे ते मोठे दोन लेख? त्यात कुठे होतात तुम्ही?"

"शेवटी. आभारात. 'आमच्या तंत्रज्ञाचे आभार.'"

"नाव?"

"नाव नव्हतं."

तिने पान टेबलावर सरळ केलं, घडी पडली होती ती तळव्याने दाबली. मग म्हणाली, "यात काय लिहिलंय ते सांगा मला. शब्दाला शब्द."

मी वाचून दाखवलं. तिसऱ्या लेखकाने सर्व मोजमापे केली. प्रत्येक वेळी त्याने उजवा गुडघा चौकटीशेजारी टेकला. त्यामुळे आकडे चुकले. ही चूक त्यानेच दाखवून दिली.

शेवटचं वाक्य मसुद्यात नव्हतं. ते नवीने घातलेलं, की सरांनी, मला माहीत नाही. आणि ते खरंही नाही, आधी नवीनेच पकडली होती. उद्या विचारतो तिला.

ही डोळे पुसत होती. म्हणाली, "परत वाचा."

मी परत वाचलं.